खुडूक कोंबडी
(मत्तय 23:37)

यरुशलेमेविषयी शोक करिताना प्रभूने स्वतःस सिंहाची किंवा गरुडाची उपमा न देता कोंबडीची दिली, याचे कित्येकांस नवल वाटते. ज्यांच्या घरी खुराडे आहे त्यांस ते वाटू नये. खुडूक कोंबडी काय सोसते हे आपल्या घरच्या स्त्रिया पाळकांहून अधिक जाणतात.

ती 21 दिवस बसते. अंडी घालणे थांबविते. तिच्या पोटाखालची पिसे गळतात, म्हणजे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांस पोहोंचते. दाण्यापाण्यासाठी दिवसातून एकदा, फार तर घटकाभर, उठते. चोचीने अंडी वारंवार फिरविते. न फिरविल्यास आतला जीव अस्तरास चिकटून मरतो. ती स्वतः मात्र वाळत जाते. आणि इतके होऊनही बाहेरून पाहणाऱ्यास दहाव्या दिवशी अंडे पहिल्या दिवसासारखेच दिसते. आठव्या रात्री तेच दिव्यापुढे धरून पाहा, आत तांबड्या शिरांचे जाळे पसरलेले असते.

व्हाईट लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षास 250 हून अधिक अंडी देते, परंतु ती क्वचितच खुडूक होते. अंड्यांचा हिशेब तिचा मोठा. पिलांसाठी यंत्र किंवा गावठी कोंबडी लागते. आमच्या काही वार्षिक अहवालांविषयी मला कधीकधी असेच वाटते, पण ते असो.

उपदेशक बंधू विचारतात, "अमुक वाडीत दोन वर्षे झाली, एकही बाप्तिस्मा नाही, ते ठिकाण सोडावे काय?" बंधो, आपण तेथे बसलात काय? महिन्यातून एक फेरी, चार गीते व परत, याने अंडे उबत नाही. तेथील आजाऱ्याच्या उशाशी आपली एखादी रात्र गेली आहे काय? प्रभूचा शोक तर त्याच्या पंखांखाली न येणाऱ्यांविषयी होता. तरी तो ते नगर सोडून निघून गेला नाही. त्याच आठवड्यात तो तेथे वधस्तंभावर मरण पावला.

दुसरे भय उतावळेपणाचे आहे. कवचास पहिली भेग पडल्यावर पिलू बाहेर येण्यास कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. त्या वेळात अस्तरातील रक्त त्याच्या अंगी परतत असते व उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. दया येऊन कोणी नखाने कवच सोलले, तर रक्तस्राव होऊन ते बहुधा मरते. अहवालात आकडा भरावा म्हणून अर्धवट शिकविलेल्यास पाण्यापाशी नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या घरावर जातीचा बहिष्कार येणार आहे, त्या घरातील मनुष्यास स्वतःच्या चोचीने कवच फोडू द्यावे. तोवर ऊब मात्र काढून घेऊ नये.

पोटात घेतलेल्या त्या बलकावर नवे पिलू दोन दिवस दाण्यावाचून राहते. मागाहून फुटणाऱ्यांची वाट पाहण्यास आईस तेवढी सवड मिळते. घरातील मुले पहिली पिले पाहून हर्षाने कण्या टाकतात व कोंबडीस बाहेर बोलावितात. त्यांस आवरावे, कारण तिच्याखाली अजून दोन-तीन अंड्यांत चिवचिव चाललेली असते.