स्मरण कशासाठी?

युद्धात पडलेल्यांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य होय. परंतु त्या स्मरणाला अर्थ कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातील सुमारे २ कोटी ७० लाख माणसे प्राणास मुकली. ९ मे हा विजयदिन १९४५ साली सुटीचा ठरला. १९४७ च्या अखेरीस स्टालिनच्या राजवटीने ती सुटी काढून घेतली. १९६५ साली ब्रेझनेव्हच्या काळात ती परत आली. मृत तेच होते. बदलली ती राज्यकर्त्यांची गरज. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हाही त्याच विजयाच्या वारशाची ग्वाही देण्यात आली. त्या मृतांत लक्षावधी युक्रेनियन होते, हे मात्र मागे पडले.

इब्री भाषेत ‘झाखार’ म्हणजे केवळ आठवणे नव्हे, तर आठवून त्याप्रमाणे वागणे. अनुवाद २४ मध्ये इस्राएलास आठवण करून दिली आहे ती विजयाची नव्हे, तर मिसरातील दास्याची. आणि तीही परक्याला व अनाथाला न्याय मिळावा, विधवेचे वस्त्र कोणी गहाण घेऊ नये, म्हणून.

आपणही हुतात्म्यांपुढे मस्तक नमवितो. त्या वेळी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : या स्मरणाने माझ्या अंतःकरणात करुणा वाढते, की वैर?