बोअरचा वाद

बडोद्यातील काही जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यांत काळविटाची शिंगे अजून आढळतात. (काळवीट शास्त्रदृष्ट्या हरिणकुळातले नव्हे, पण आपण त्याला हरीणच म्हणत आलो.) शिकारीच्या गप्पांत वाद ठरलेला असे. ३०-४० किलोंच्या काळविटाला .२७५ बोअरची ९ ग्रॅमची गोळी पुरे; .३७५ म्हणजे निव्वळ मांसाची नासाडी. उलट, २०० किलोंच्या सांबरावर छोट्या बोअरची हलकी गोळी झाडावी, तर घायाळ जनावर रात्रभर रानात तडफडणार.

वेदनेचा इतका बारीक हिशेब करणाऱ्याला निर्दय कसे म्हणावे? त्या हिशेबात दया होती, हे मी नाकारीत नाही. मात्र ती ‘कसे मारावे’ एवढ्यापुरतीच. ‘का मारावे’ याला काडतुसांच्या पेटीत जागा नव्हती. खंडेराव महाराजांच्या काळी चित्ता सोडून काळवीट धरीत. तेथे निदान चित्त्याला तरी भूक होती.

१९७२ च्या कायद्याने बंदुका थांबवल्या, प्रश्न नव्हे. आमच्या घरच्या शिंगांना मालकीचा सरकारी दाखला आहे. परवा नातवाने विचारले, “आजोबा, त्याला दुखले असेल का हो?” मी त्याला बोअर सांगितला.