मालदांडीची भाकरी आणि डाळिंबाचा पापुद्रा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी आढळत आले असून, ज्वारीचा आहार हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानता येते. अंगमेहनत आणि तुलनेने तरुण लोकसंख्या यांचाही वाटा अर्थात नाकारता येत नाही. मालदांडी या ज्वारीच्या वाणाच्या भाकरीतील तंतू, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा चोथा, मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथील जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार होते, जे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असते.

डाळिंबाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्यातील प्युनिकॅलॅजिन हे तुरट द्रव्य दाण्यांपेक्षा सालीत आणि दाण्यांमधल्या पांढऱ्या पापुद्र्यात अधिक असते (आणि नेमका तोच पापुद्रा सोलताना टाकून दिला जातो). त्यापासून इलॅजिक आम्ल सुटते, त्याचे रूपांतर जीवाणू युरोलिथिन नावाच्या संयुगांत करतात आणि ही संयुगे प्रयोगशाळेत कर्करोगी पेशींची वाढ मंदावतात. मात्र असे जीवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात, शिवाय डाळिंबाने माणसाचा कर्करोग टळतो हे सिद्ध झालेले नाही; अख्ख्या धान्यातील तंतूंच्या बाजूचा पुरावा त्याहून कितीतरी भक्कम आहे.