विस्मृतांचं देणं

एखादा संगीतकार विस्मरणात जातो तेव्हा अन्याय नेमका कोणावर होतो? तो स्वतः मेलेला असतो, त्याला फरक पडत नाही. आपण कशाला मुकलो हे आपल्याला माहीतच नसतं, त्यामुळे आपल्यालाही दुःख नसतं. तक्रार करणारा कोणीच नाही, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. गेली दोन-तीन वर्षं कोडिंग करताना मी फ्रेंच पियानोसंगीत ऐकतो आहे, तेही सहसा कोणी न वाजवणारं. हा प्रश्न तिथूनच मागे लागला.

दब्युसीचं ‘क्लेअर द ल्यून’ तुम्ही ऐकलेलं असतं; नाव माहीत नसलं तरी एखाद्या सिनेमात कानावर पडलेलं असतं. ते १९०५ साली छापलं गेलं. त्याच सुमारास, १९०० ते १९०७ या काळात, आबेल दको (१८६९–१९४३) नावाचा पॅरिसमधला ऑर्गनवादक चांदण्यावरच चार रचना लिहीत होता. मध्यरात्र, गल्ली, कब्रस्तान आणि समुद्र. त्या १९१३ मध्ये छापून आल्या. ऐकताना कानाला घर सापडत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर षड्ज कुठे आहे तेच कळत नाही. असं संगीत लिहिण्याचं श्रेय इतिहास शोनबर्गच्या १९०९ सालच्या पियानो-रचनांना देतो. दकोने त्यानंतर फारसं काही छापलं नाही आणि तो विसरला गेला.

पण दकोवर कोणी अन्याय केला असं मला म्हणता येत नाही. आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेला शेकडो बैल येतात, वर्षभर लोकांच्या तोंडी त्यातले दोन-चारच राहतात. बाकीचे काही कमी तगडे नसतात. माणसाच्या डोक्यात जागाच तेवढी असते.

मेल बोनिसची (१८५८–१९३७) गोष्ट वेगळी आहे. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत ती दब्युसीबरोबर शिकली. तिथे गाणं शिकणाऱ्या एका मुलावर तिचं प्रेम बसलं, म्हणून घरच्यांनी तिचं शिक्षण सोडवलं. १८८३ मध्ये तिचं लग्न एका उद्योजकाशी लावून दिलं. तो तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठा, पाच मुलांचा बाप, विधुर. तरी तिने सुमारे ३०० रचना लिहिल्या. नाव मेलानी, पण सही ‘मेल’ अशी करायची, म्हणजे बाईने लिहिलंय हे कळू नये. ऑफेलिया, सलोमे, डेस्डेमोना अशा दंतकथांतल्या आणि नाटकांतल्या बायकांवर तिच्या सात पियानो-रचना आहेत. त्या ऐकल्यावर इथे जागेचा प्रश्न नव्हता, दारच लावून घेतलं होतं, हे कळतं.

अडचण अशी की बाहेरून दोन्ही विस्मरणं सारखीच दिसतात. हे माझ्या धंद्यात रोजचं आहे. गाणी सुचवणारी यंत्रणा आधी किती जणांनी काय ऐकलं यावर चालते. जे ऐकलं गेलं तेच पुढे येतं, आणि पुढे आलं म्हणून आणखी ऐकलं जातं. ज्याला कोणी ऐकलं नाही त्याचा आकडा शून्य. तो शून्य नशिबाने आला, दर्जाने आला की दार लावल्यामुळे आला, हे त्या शून्यात लिहिलेलं नसतं. ऐकल्याशिवाय ते कळत नाही.

इथे माझा एक मित्र मला अडवतो. “फ्रान्समधली बाई शोधतोस, पण वैशाखऱ्यात जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाईचं काय? तिला तर सही करायलाही कागद नव्हता.” गंमत म्हणजे हे काम आधी अंगावर घेणाऱ्यांत एक मूळचा फ्रेंच माणूस होता. पुण्यात राहणारे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या फ्रेंच संगीत-संशोधकाने ध्वनिमुद्रणं केली, डेटाबेस बांधला. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ओवीबरोबर गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव वाचता येतं. तेव्हा ऐकण्याचं देणं गावापुरतं असतं, हे काही मला पटत नाही.

तरी मित्राचं अर्धं म्हणणं खरं आहे, पण कारण आपुलकीचं नाही. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्तींची रांग होती. आता तिथे पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण वर ब्राह्मी लिपीत नावं आहेत. सिमुक, नागनिका, सातकर्णी. दगडाने नावं दोन हजार वर्षं सांभाळली. कागदही बऱ्यापैकी थांबतो. बोनिस १९३७ मध्ये गेली, पुढे तिच्या पणतीने तिचं चरित्र लिहिलं, रचना पुन्हा वाजू लागल्या. दको आणखी पन्नास वर्षं कोणी वाजवला नाही तरी स्वरलेखन तसंच राहील. गळा मात्र थांबत नाही. गिरणी आली तेव्हा आमच्याकडचं जातं बंद पडलं, आणि ज्यांना ओव्या येतात त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून मी हिशेब असा मांडतो. दकोचं आपण काही लागत नाही. तो ऐकायचा तो आनंदासाठी. बोनिसचं लागतो, पण ते सावकाश फेडता येईल, आणि ते फेडायला नुसता कान पुरतो. जात्यावरच्या ओवीचं देणं मुदतीचं आहे, आणि ते फेडायला ती बोली कळणारा माणूस लागतो. असे लोक जगात फार नाहीत, तालुक्यातच काय ते आहेत. फेडायचं म्हणजे ‘हिरा सापडला’ म्हणून नाचायचं नाही. दहापैकी सात ओव्या ठरावीक साच्याच्या असतील, तर तसंच म्हणावं. पूर्ण ऐकावं, ज्याचं त्याचं नाव नीट लिहावं, आणि फोनमधला रेकॉर्डर दिवाळीला गावी जाल तेव्हा चालू करावा, पुढच्या वर्षावर ढकलू नये.