पुणे ते पंढरपूर : बाणांची बेरीज

महाराष्ट्राचा नकाशा समोर पसरा. कागदी असेल तर उत्तम. मोबाइलवर बोट टेकलं की नकाशाच सरकतो, आणि आज आपल्याला बोट एका जागी ठेवायचं आहे. पट्टी, पेन्सिल, कोनमापक जवळ असू द्या. घाई नको.

पुण्यावर बोट ठेवा. उजवीकडे, बरंच खाली, भीमेच्या काठी पंढरपूर सापडेल. पुण्यापासून तिथवर हलक्या हाताने एक सरळ रेघ ओढा आणि पंढरपूरशी बाणाचं टोक काढा. ही रेघ कुणी चालत नाही. ती उसाच्या फडांवरून, कऱ्हा आणि नीरेच्या पात्रांवरून, कुणाच्या घराच्या पत्र्यावरून जाते. पाठ्यपुस्तकात हिलाच विस्थापन म्हणतात: कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो, एवढंच. मधे काय काय घडलं, याची तिच्याकडे नोंद नाही.

ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते. 1685 च्या सुमारास तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी दोघांच्या पादुका एकाच पालखीत घेऊन वारीला सुरुवात केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींची पालखी वेगळी काढली. आजही दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि इथून त्यांच्या वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. पंढरपूरजवळच्या वाखरीला पोहोचेपर्यंत गाठ नाही.

या दोन वाटांचं मनन करू. आधी माउलींची.

बोट सासवडवर न्या. नकाशात पट्टीने मोजलं तर सरळ अंतर 27 किमीच्या आसपास येतं. वारकऱ्याच्या पायांना ते बरंच जास्त पडतं, वारीतला हा सर्वांत लांबचा टप्पा समजतात. कोनमापक पुण्यावर ठेवा. पूर्वेकडच्या आडव्या रेषेपासून बाण खाली, दक्षिणेकडे, साधारण 48 अंश झुकलेला दिसेल. आता जरा थांबा आणि या एका तिरक्या बाणाच्या जागी दोन सरळ बाण मनात आणा: एक नुसता पूर्वेला, दुसरा नुसता दक्षिणेला. काटकोन त्रिकोण झाला, आपला बाण त्याचा कर्ण. 48 अंशाचा कोसाइन 0.67, म्हणून पूर्वेला 18 किमी. साइन 0.74, म्हणून दक्षिणेला 20 किमी. त्रिकोणमितीचं यातलं काम इतकंच. उंची-छाया आणि दीपगृहांच्या उदाहरणांत तिला शाळेने उगाच कोंडून ठेवलं आहे.

आणि दिवे घाट? पुण्याहून सासवड सुमारे 200 मीटर उंचावर आहे. ती उंची तिसरा घटक म्हणून पायथागोरसच्या सूत्रात घाला: 27 चा वर्ग अधिक 0.2 चा वर्ग, मग वर्गमूळ. बाणाची लांबी किती वाढली? मीटरभरही नाही. पावसात घाट चढलेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नका.

सासवडवरून पुढे. जेजुरी: पूर्वेला 14, दक्षिणेला 7. जेजुरीहून वाल्हे करत, नीरा ओलांडून लोणंदला बोट न्या. हा बाण जवळजवळ सरळ खाली पडतो, दक्षिणेला 26 आणि पूर्वेला जेमतेम 2. मग एकदम मोठं वळण. लोणंद ते फलटण पूर्वेला 26, दक्षिणेला 6. या वळणावर थोडा वेळ राहा. एका बाणात जवळपास सगळी दक्षिण, दुसऱ्यात जवळपास सगळी पूर्व. दोन्हींची लांबी सारखीच, आणि तरी एकाचं काम दुसरा करू शकत नाही. याच वाटेवर तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाशी, वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. (पुढे गोल रिंगणात अश्व कितीही दौडला, तरी जिथून सुटला तिथेच आला, तर त्याचं विस्थापन शून्य.)

फलटणहून पंढरपूरपर्यंतचे नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे मुक्काम एकाच लांब बाणात धरू: 101 किमी, पूर्वेपासून 20 अंश दक्षिणेला झुकलेला. पूर्वेला 95, दक्षिणेला 34.

आता पूर्व पूर्वेत मिळवा: 18, 14, 2, 26, 95. झाले 155. दक्षिण दक्षिणेत: 20, 7, 26, 6, 34. झाले 93. बाणांच्या लांब्या मात्र मिळवू नका. ती बेरीज 196 च्या आसपास येते आणि ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. 155 आणि 93 यांचा कर्ण 181 किमी. 93 भागिले 155 म्हणजे 0.6, आणि ज्याचा टॅन 0.6 तो कोन 31 अंश. सुरुवातीला ओढलेल्या रेघेवर कोनमापक ठेवून पाहा.

पट्टीवर विश्वास नसेल तर नकाशाच्या कडेचे आकडे वाचा. पुणे 18.52 अंश उत्तर, 73.86 पूर्व. पंढरपूर 17.68 उत्तर, 75.33 पूर्व. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 110.7 किमी, 0.84 अंशाचे 93 झाले. रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तावर एका अंशाचे 111.3 किमी असतात, पण ध्रुवाकडे जाताना या रेषा एकमेकींजवळ सरकत जातात आणि ध्रुवावर सगळ्या मिळतात. किती सरकल्या हे अक्षांशाचा कोसाइन सांगतो. 18 अंशाचा कोसाइन 0.95, म्हणजे इथे एका अंशाचे 105.7 किमी, 1.47 अंशाचे 155. कोनमापक हातात नसतानाही कोसाइन नकाशात आधीच येऊन बसलेला असतो.

आता तुकोबांची वाट. पुणे ते बारामती: पूर्वेला 76, दक्षिणेला 41. बारामती ते इंदापूर: 48 आणि 4. इंदापूरहून सराटीला नीरा ओलांडून अकलूज. इथे बाण 25 किमी खाली येतो आणि किंचित मागे, पश्चिमेला कलतो. तो एक किलोमीटर वजा धरायचा. अकलूज ते पंढरपूर: 32 आणि 23. करा बेरीज. 76 अधिक 48, वजा 1, अधिक 32. मग 41, 4, 25, 23.

पुन्हा 155, पुन्हा 93. दोन्ही वाटांवर पुणे सोडल्यापासून वाखरी येईपर्यंत नाव घेण्यासारखा एकही समान मुक्काम नाही, तरी किलोमीटरचाही फरक पडला नाही. पडणार तरी कसा?

अजून एक करून पाहा. माउलींच्या वाटेवरचे बाण सुटे करा आणि क्रम बदला: फलटण-पंढरपूरचा लांब बाण आधी पुण्याला जोडा, बाकीचे त्याच्या टोकाला. शेवट पंढरपुरातच होईल. पण पहिल्या बाणाचं टोक कुठे टेकतं ते पाहा. भिगवणच्या दक्षिणेला, इंदापूर तालुक्यातल्या कुठल्यातरी शिवारात. तिथे ना विसावा, ना पाण्याचा टँकर, ना पंगत. बेरजेला क्रम लागत नाही, दिंडीला लागतो.

आळंदीचा बाण राहिला. आळंदी ते पुणे: दक्षिणेला 17, आणि पश्चिमेला 4. पंढरपूर पूर्वेला असताना पालखी पहिल्या टप्प्यात थोडी पश्चिमेला येते. म्हणून 155 मधून 4 वजा, 93 मध्ये 17 मिळवा: आळंदीहून पंढरपूर पूर्वेला 151, दक्षिणेला 110, सरळ रेघेत 187 किमी. देहूचं तुम्ही काढा. अक्षांश 18.72, रेखांश 73.77.