अन्याय चव्हाट्यावर मांडावा का?

एखाद्याचा दोष त्याला एकांतात सांगितला तर तो हितोपदेश होतो आणि चारचौघांत सांगितला तर ती नाचक्की होते, हे आपण थोरामोठ्यांकडून ऐकत आलो आहोत. इस्लामी सदाचाराचा हा मान्य नियम आहे. आपल्या बांधवाचा दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशी शुभवार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. परंतु वाचकहो, दोष करणारा बलवान असेल आणि सांगणाऱ्याचे भवितव्य त्याच्याच मुठीत असेल, तेव्हाही हाच नियम लागू होतो काय? अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात अलीकडच्या काळात घडलेल्या काही घटनांनी हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे.

अमेरिकन फुटबॉल हा तेथील विद्यापीठांचा मोठा व्यवसाय आहे. प्रमुख प्रशिक्षकांना वर्षाकाठी लक्षावधी डॉलर मिळतात. खेळाडू मात्र विद्यार्थी. त्यांना शिष्यवृत्ती मिळते. स्वतःच्या नावलौकिकावर पैसा मिळवण्याची मुभाही त्यांना 2021 पर्यंत नव्हती. या खेळाडूंत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी, तर प्रशिक्षक बहुतांशी श्वेतवर्णीय. कोणाला मैदानात उतरवायचे आणि कोणाला बसवून ठेवायचे, हे प्रशिक्षक ठरवतो.

जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर सारा देश पेटलेला असताना, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक गंडी यांचे एक छायाचित्र प्रसृत झाले. कृष्णवर्णीयांच्या न्यायाच्या चळवळीची निर्भर्त्सना करणाऱ्या एका वृत्तवाहिनीचे नाव त्यांच्या अंगातील टी-शर्टवर होते. संघाचा आघाडीचा खेळाडू चुबा हबर्ड याने ट्विटरवर जाहीर केले की, हे आपण खपवून घेणार नाही आणि बदल होईपर्यंत विद्यापीठासाठी काहीही करणार नाही. त्याच दिवशी दोघांची एकत्र चित्रफीत आली. तीत हबर्डने म्हटले की, आपण आधी प्रशिक्षकांना समक्ष भेटायला हवे होते. दुसऱ्या दिवशी गंडी यांनी क्षमा मागितली आणि पुढे वेतनातील दहा लाख डॉलरची कपात स्वीकारली.

समक्ष भेटायला हवे होते, हे हबर्डचे म्हणणे आपल्या नियमाशी जुळते. पण भेटल्यावर काय होऊ शकते, याचाही इतिहास आहे. ऑक्टोबर 1969 मध्ये वायोमिंग विद्यापीठाचे 14 कृष्णवर्णीय खेळाडू दंडाला काळी फीत बांधून आपल्या प्रशिक्षकाकडे गेले. पुढचा सामना ज्या विद्यापीठाशी होता, ते मॉर्मन चर्चचे होते आणि ते चर्च त्या काळी कृष्णवर्णीयांना धर्माधिकारी होऊ देत नसे. त्या सामन्यात निषेधाची फीत बांधता येईल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. ते रीतसर गेले, समक्ष गेले. प्रशिक्षकाने चौदाही जणांना तेथल्या तेथे संघातून काढून टाकले. विद्यापीठाने औपचारिक क्षमा मागितली ती 2019 मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी.

तेव्हा एकांताचा आग्रह कोणाच्या लाभाचा आहे, हे पाहणे भाग आहे. दोन समान माणसांत एकांत हा आदर असतो. बलवान आणि दुर्बल यांच्यात तो कित्येकदा दुर्बलाचा गळा दाबण्याची जागा ठरतो. दिव्य कुरआनने हा भेद केला आहे. सूरह अन-निसाच्या 148 व्या आयतीत अल्लाहने वाईट गोष्ट उघडपणे बोलणे नापसंत केले, आणि लगेच ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला या नापसंतीतून वगळले. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबत कोणत्या सहा प्रसंगी क्षम्य ठरते ते सांगितले आहे. त्यांत पहिली पीडिताची फिर्याद आहे.

येथे कोणी म्हणेल, ही फिर्याद न्यायाधीशासमोर करायची असते, बाजारात नव्हे. या शंकेचे उत्तर सुनन अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये सापडते. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार घेऊन प्रेषितांकडे (स.) आले. त्यांना संयमाचा उपदेश झाला. ते पुन्हा आले. अखेर प्रेषितांनी (स.) त्यांना घरातील सामान रस्त्यावर मांडायला सांगितले. येणारे-जाणारे विचारू लागले, गृहस्थ खरे ते सांगू लागले आणि लोक त्या शेजाऱ्याला दूषणे देऊ लागले. तेव्हा शेजारी स्वतः आला आणि म्हणाला, घरी चला, यापुढे माझ्याकडून त्रास होणार नाही. रस्त्यावरचे ते लोक न्यायाधीश नव्हते. तरीही त्यांच्या नजरेने न्यायाचे काम केले. मात्र क्रम ध्यानात घ्यावा: आधी संयम, मग चव्हाटा.

मिसुरी विद्यापीठात 2015 साली असेच घडले. वर्णद्वेषाच्या प्रकारांविरुद्ध विद्यार्थी कित्येक आठवडे आंदोलन करीत होते. एकाने 2 नोव्हेंबरपासून उपोषण आरंभले, तरी विद्यापीठाचे अध्यक्ष पदावर होते. 7 नोव्हेंबरला फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी हातात हात गुंफलेले आपले छायाचित्र ट्विटरवर टाकले आणि अध्यक्ष जाईपर्यंत खेळणार नसल्याचे घोषित केले. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. 9 नोव्हेंबरला अध्यक्षांनी राजीनामा दिला. उपाशी विद्यार्थ्याच्या प्राणाहून बुडणाऱ्या सामन्याची किंमत अधिक वाटावी, ही त्या व्यवस्थेची खरी साक्ष होय.

त्या खेळाडूंच्या शब्दाला वजन आले, कारण त्यांनी आपली शिष्यवृत्ती आणि कारकीर्द पणाला लावली होती. याउलट 2 जून 2020 रोजी लाखो लोकांनी समाजमाध्यमांवर एक काळा चौकोन टाकला. त्यातील कित्येकांचा हेतू शुद्ध असेल. मनाचे हेतू अल्लाहच जाणतो. पण ज्या बोलण्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागत नाही, त्याने आपल्या कृतीचा हिशेब स्वतःजवळ मागावा. जे करीत नाही ते बोलणे अल्लाहला किती अप्रिय आहे, हे सूरह अस-सफ्फच्या आरंभी स्पष्ट आहे.

पीडिताला दिलेली मोकळीक प्रेक्षकाला दिलेली नाही, हेही विसरता कामा नये. ओक्लाहोमा स्टेटच्या अंतर्गत चौकशीत प्रशिक्षकाच्या वर्णद्वेषाचा पुरावा आढळला नाही. खेळाडूंशी त्यांनी अधिक जवळीक राखायला हवी, असा निष्कर्ष निघाला. विद्यापीठाने स्वतःच केलेली चौकशी म्हणून कोणी तिच्याकडे साशंकतेने पाहील. परंतु चौकशीपूर्वीच दुरून निकाल देणाऱ्यांचे काय? वार्ता पारखून घ्या, ही सूरह अल-हुजुरातची आज्ञा आणि वैरापोटीही न्याय सोडू नका, ही सूरह अल-माइदाची आज्ञा मोबाइल हाती आल्याने रद्द झालेली नाही.

फिर्यादीचे साध्य अखेर काय? हजरत अबू जर (र.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते, काही रिवायतींनुसार ते हजरत बिलाल (र.) होते. तुझ्यात अजून जाहिलियतचा अंश आहे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले. पुढे एकाने पाहिले की अबू जर (र.) यांच्या अंगावर जसे वस्त्र आहे, तसेच त्यांच्या गुलामाच्याही अंगावर आहे. कारण विचारताच त्यांनी आपल्या त्या अपराधाची हकिगत स्वतःच सांगितली. अपराधी माणूस उद्ध्वस्त झाला नाही, बदलला; आणि बदलल्यावर चव्हाट्यावर स्वतःच उभा राहिला.

म्हणून वाचकहो, जो पीडित आहे त्याला “हळू बोल” असे सांगण्यापूर्वी त्याला हळू बोलण्याची जागा आपण ठेवली आहे का, ते पाहावे. आपण प्रत्येक जण घरात, मदरशात, दुकानात, संस्थेत कोणावर तरी अधिकार चालवतो. आपले दार उघडे असेल तर कोणाला आपले सामान रस्त्यावर मांडावे लागणार नाही. आणि मांडावेच लागले, तर सूरह अन-निसाच्या 135 व्या आयतीने सांगितल्याप्रमाणे स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्धही न्यायाच्या बाजूने उभे राहणे हीच आपली परीक्षा आहे. अल्लाह आपणा सर्वांस तिच्यात उत्तीर्ण करो. आमीन.