चमच्याचा न्याय

गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून एका चहावर अन्याय घडला. गोष्ट क्षुल्लक आहे. पण तिच्यातून निघालेला प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटेना, म्हणून लिहीत आहोत.

आमचे मेहुणे कामानिमित्त चीनमध्ये कुनमिंगला गेले होते. येताना त्यांनी पु-एर चहाची एक ढेप आणली. युन्नान प्रांतातला हा चहा वाफवून, दाबून, कागदात गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवतात. नेहमीची ढेप ३५७ ग्रॅमची, भाकरीसारखी चपटी. अशा सात ढेपांचा एक गठ्ठा बांधतात. कच्च्या पानांची ढेप सावकाश, वर्षांमागून वर्षे मुरत जाते. हेच काम काही आठवड्यांत व्हावे म्हणून पाने ओली करून त्यांचे ढीग रचण्याची रीत १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात बसवण्यात आली. आमची ढेप मात्र काळाने मुरलेली होती.

आम्ही तिचा तुकडा मोडला, चमचाभर कपात टाकला, वर उकळते पाणी ओतले आणि पाच मिनिटे झाकून ठेवले. निघाला तो काळा, कडू काढा. दुसऱ्या दिवशी तोच चमचा, तेवढेच पाणी. या खेपेस चहा पाणचट. "मेहुण्यांना कोणीतरी फसवलेले दिसते," असे आम्ही बोलून गेलो, आणि तेही पाहुण्यांच्या देखत.

आमची पत्नी रविवारच्या शाळेत शिकवते. तिने एवढेच विचारले, "एक चमचा म्हणजे किती?" घरात लहान इलेक्ट्रॉनिक काटा होता. पहिल्या दिवसासारखा घट्ट तुकडा चमच्यात घेऊन तोलला, तो ८ ग्रॅम भरला. सुटी, भुसभुशीत पाने चमचाभर घेतली, ती ३ ग्रॅम. दोन्ही चमचे डोळ्यांना सारखेच दिसत होते! खोटा तराजू म्हटले की आपल्याला बाजारातला व्यापारी आठवतो. आमचा खोटा तराजू स्वयंपाकघरातल्या बरणीत होता, आणि त्यावर आम्ही ढेपेचा, देणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचाही निवाडा करून मोकळे झालो होतो.

मग रीतसर सुरुवात केली. चिनी घरांत यासाठी झाकणाची लहान वाटी वापरतात, तिला गायवान म्हणतात. आम्ही झाकण असलेली चिनी मातीची वाटी घेतली. तिच्यात पाणी किती मावते हे त्याच काट्यावर पाहिले, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅमच. १०० मिलिलिटरला ६ ते ७ ग्रॅम पाने. उकळते पाणी घालून पहिले लगेच टाकून द्यायचे. त्याने पाने धुतली जातात आणि घट्ट तुकडा सुटू लागतो. नंतर दहा सेकंद ठेवून ओतायचे, पुन्हा पाणी, पुन्हा दहा सेकंद, पुढे थोडे थोडे वाढवीत जायचे. ७ ग्रॅम ही उधळपट्टी वाटते खरी. पण तीच पाने दहा वेळा पाणी घेतात. म्हणजे लिटरभर चहाला ७ ग्रॅम. मोठ्या किटलीत एकदाच करायचा तर २५० मिलिलिटरला ३ ग्रॅम लागतात. हिशेब करून पाहावा. उधळ्या कोण ते कळेल.

इथवर काट्याचा विजय झाला. पण प्रश्न पुढेच आहे. माप सर्वांना सारखे असणे हाच न्याय काय?

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली चहाच्या चवपरीक्षेची रीत प्रसिद्ध केली: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा, सहा मिनिटे. उत्तम चहा करण्याची ती रीत नव्हे. दोन चहांची तुलना करताना कोणाची बाजू घेतली जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. तिथे सारखेपणा हवाच. उलट आठव्या शतकात लू यू याने चहावर जो ग्रंथ लिहिला, त्यात चहा मोजण्याच्या साधनाचे वर्णन आहे. ते शिंपल्याचे, तांब्याचे, लोखंडाचे किंवा बांबूचे असे. त्याच्या नावाचा अर्थच माप, प्रमाण. इतक्या पाण्याला इतकी पूड असे सांगून तो लगेच म्हणतो की पातळ आवडणाऱ्याने कमी घ्यावी, दाट आवडणाऱ्याने वाढवावी. एकाच जागी नियमही आहे आणि सूटही आहे.

आम्हांला वाटते, या दोहोंत विरोध नाही. प्रसंग वेगळे आहेत. पारख करायला बसलो की माप सारखे हवे, नाहीतर आपल्या हाताची चूक आपण दुसऱ्याच्या माथी मारतो. वाढायला उठलो की समोरच्याची जीभ, त्याचे वय, त्याची झोप पाहिली पाहिजे. घोटाळा होतो तो अदलाबदलीत. आम्ही पारखताना अंदाज वापरला; आणि काटा हाती येताच पुढचे आठ दिवस घरातल्या प्रत्येकाला मोजून तेवढाच कडक चहा पाजला. दुसरी चूक पहिलीहून लहान होती असे आमच्या सासूबाई तरी म्हणणार नाहीत. त्यांना रात्री झोप आली नव्हती.

तरीही काटा आम्ही ठेवून दिला नाही. कमी करायचे तर कशापेक्षा कमी, हे ठाऊक असावे लागते. वहीत लिहून ठेवले आहे: सासूबाईंना ४ ग्रॅम, तेही दुपारी.

मेहुणे नाताळात आले तेव्हा आम्ही पाहुण्यांसमोर बोललेले शब्द त्यांना सांगितले. ७ ग्रॅम तोलून, घड्याळ समोर ठेवून पहिली वाटी त्यांच्या हाती दिली. त्यांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "दाजी, राग मानू नका, थोडे पाणी घालता का?"